नवऱ्याची शिकवणी

"अजून एकदा दाखव," नवरा म्हणाला, आणि तिने आत्ताच घट्ट मारलेली दोरीची गाठ पुन्हा सोडली.

समुद्रकाठी तंबू उभा करायचं काम आजवर तिचंच. तो शिंपी, तंबू त्याच्याच हातचा. पण ठोकायची वेळ आली की साहेब घडीच्या खुर्चीत पाय पसरून लाटांची चौकशी करत बसायचे. ती शाळेची बस चालवायची. सुटी लागली, की बसची सर्व्हिसिंग आणि ड्रायव्हरांची वार्षिक डॉक्टरी तपासणी एकदाची उरकायची, आणि नवऱ्याला नि लेकीला गाडीत घालून लांब कुठेतरी निघायचं. स्टिअरिंग तिच्याकडे. नकाशा, खाऊ आणि तिचा फोन त्याच्याकडे.

यंदा मात्र स्वारीचं काहीतरी बिनसलं होतं. कालपासून त्याला शिकायचं खूळच लागलं होतं. सकाळी पेट्रोल पंपावर त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि ऑइल कसं बघायचं ते विचारलं. मग स्टोव्ह कसा पेटवायचा ते. मग लेकीची वेणी. एवढा सुईत दोरा ओवणारा माणूस, पण तीन पेड काही सांभाळता येईनात त्याला. शेवटी पोरगी वैतागून म्हणाली, हे डोकं आहे बाबा, कापड नाही.

ती आधी हसली. मला कामावरून काढतोस की काय, असं तिने चिडवूनही पाहिलं. तो हसला आणि पुन्हा गाठीकडे बघत बसला. आता तिला चैन पडेना. टायर पंक्चर झाला तरी सावली शोधणारा हा माणूस, याच्या अंगात एकदम काय संचारलं? दुसरी कोणी बाई? छे! गिऱ्हाइकाचं माप घेताना याची नजर टेपवरून हलायची नाही.

उलगडा लेकीने केला. शिंपले धुताधुता ती सहज बोलून गेली. काल आई टायरमध्ये हवा भरत होती तेव्हा बाबा गाडीमागे जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलत होते. परत आले ते तोंड धुऊनच. वर तिला बजावलं, आईला सांगू नकोस, सुटीचा विचका होईल.

सगळं एका झटक्यात जुळलं. कालपासून हा धड जेवतही नव्हता. बिचाऱ्याला सगळं एकदा करून बघायचं होतं, हातात दिवस आहेत तोवर. आणि ती मेली त्याची थट्टा करत होती! तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्याच्याशिवायचं घर तिला नको होतं, एक दिवससुद्धा नको होतं.

लेकीला तिने आणखी शिंपले आणायला पिटाळलं आणि त्याच्याजवळ वाळूत बसकण मारली. त्याला गाठ अखेर जमली होती. तो ती ओढून ओढून बघत होता.

"राहू दे ते," ती म्हणाली. "काल डॉक्टरांचा फोन आला होता ना?"

त्याचे हात थांबले. त्याने मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलंस? अरे वेड्या, मी आहे ना. कितीही मोठं दुखणं असू दे, मी तुला काही होऊ देणार नाही. रजा टाकीन, रात्ररात्र उशाशी बसेन. आपण दोघं मिळून निस्तरू."

त्याने तिचा वाळूने भरलेला हात दोन्ही हातांत धरला.

"घरी गेल्यावर सांगणार होतो," तो म्हणाला. "पण अगं, रिपोर्ट माझा नाहीये."