थोरल्याचा जुना सदरा

“पळ, धाकट्या!” राक्षसाच्या पिंजऱ्यातून दोघे भाऊ ओरडले. पण धाकटा पळाला नाही. पिंजऱ्याची किल्ली समोरच्या खुंटीला लटकत होती, तिच्याकडे तो निघाला.

त्याच्या अंगातला सदरा आधी थोरल्याचा होता, मग मधल्याचा. याला तो गुडघ्यापर्यंत यायचा. मोहिमेवर निघताना आईने त्या दोघांसाठी अंगाला घट्ट बसणारे नवेकोरे सदरे शिवून घेतले, तेव्हा हा न जेवता रुसून बसला होता. त्याच नव्या सदऱ्यांना धरून राक्षसाने दोघांना उचललं होतं.

आता त्याने धाकट्याचाही सदरा मागून पकडला. धाकट्याने दोन्ही हात वर केले आणि तो सदऱ्यातून अलगद खाली घसरला. राक्षस रिकामा सदरा झटकून झटकून त्याला शोधत राहिला, तोवर कुलूप उघडून तिघे डोंगर उतरले होते.

घरी आईने लगेच शिंप्याला बोलावलं. “आमच्या धाकट्याला नवा सदरा शिवा. अगदी मापात बसू दे.”

“नको,” धाकटा म्हणाला, “वाढत्या अंगाचा शिवा.”

मिशीवाला थोरला हळूच पुढे सरकला. “माझाही.”