हॉलमधली शहाबादी

टाइल्सच्या दुकानात मंदाताईंना एकही नमुना पटला नाही. शेवटी वैतागून धाकट्या कुमुदनं एकटीनंच टाइल्स ठरवल्या. तेव्हापासून दोघी बहिणींत अबोला होता.

आज हॉलमधलं सामान बाहेर निघालं आणि माहेरची शहाबादी फरशी पुन्हा मोकळी झाली. उन्हाळ्यात सगळी भावंडं याच गारव्यावर ओळीनं निजायची. मंदाताई भिंत धरून सावकाश खाली बसल्या.

"अगं ताई, तुझे गुडघे!" कुमुद धावली.

"असू देत. ही जायला नको होती गं."

"मला का हवंय? पण फरशा उखडल्यात. दोनदा पडले मी."

मंदाताईंनी उखडलेल्या फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "सागरगोटे आण."

कुमुदनं अंगणातल्या वाळूच्या ढिगातून गोल खडे वेचून आणले. डाव रंगला. सत्तरी ओलांडलेल्या दोघी भांडू लागल्या.

"कुमुद, खडा हलला तुझा! लहानपणापासून रडीचा डाव खेळतेस."

"आणि तू आईकडे चुगल्या करायचीस!"

मिस्त्री दारात आला. "आजी, सुरू करू?"

"करा बाबा," मंदाताई डोळे पुसत हसल्या. "पण आधी आम्हाला उठवा."