मोजणीबाहेरचे

दार वाजलं आणि शालोमकाकांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. परवाच कुणीतरी सिनेगॉगवर, त्यांच्या या प्रार्थनाघरावर, दगडफेक करून भिंतीवर 'यहुद्यांनो, चालते व्हा' असं लिहून ठेवलं होतं. आज शनिवार, प्रार्थनेचा वार. तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचायला दहा यहुदी पुरुष लागतात, आणि आत नऊच जण जीव मुठीत धरून बसले होते.

काकांनी मन घट्ट करून कडी काढली. पायरीवर मचव्यावरचा तांडेल लतीफ उभा होता, मागे बंदरावरचे दहाबारा जण. सगळ्यांच्या डोक्याला टोपी, नाहीतर रुमाल.

"दहा माणसं भरत नाहीत म्हणे तुमची. मोजून घ्या, काका."

"लतीफ," काका म्हणाले, "तुम्ही मोजणीत चालत नाही रे. आमचेच दहा लागतात."

लतीफ ओशाळला. मग दाराकडे पाठ करून पायरीवरच बसला. बाकीचेही बसले. "मग मोजू नका. आम्ही आहोत इथं."

दार उघडंच राहिलं. थोड्या वेळानं, परवापासून घराबाहेर न पडलेला काकांचा पुतण्या दानियल पायरीपाशी येऊन घुटमळला. लतीफनं सरकून त्याला वाट दिली आणि मागं न बघताच आत आवाज दिला, "काका, दहा झाले!"