सुरुवात साहेबांपासून

विजेच्या बचतीसाठी साहेबांनी लेखी हुकूम काढला. ऑफिसातल्या झाडून सगळ्या कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कची जोडणी क्षणभर बिनकामाची राहिली, तरी ती झोपली, म्हणजे वीज न खाता बंद झाली पाहिजे. कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं, म्हणून मी सांगून पाहिलं, "साहेब, दर वेळी तिला जागं व्हायला वेळ लागतो, कामं अडखळतील. थोडी बचत, थोडा वेग, असं मधलं काहीतरी ठेवू या."

साहेबांनी सगळ्यांदेखत ऐकवलं, "तिचं राहू द्या बाई, तुम्हालाच जागं व्हायला वेळ लागतो." वर माझ्या वार्षिक अहवालात शेरा मारला, 'कामात अतिशय संथ'. माझी बढती गेली. मी हुकुमाप्रमाणे कामाला लागले.

महिन्याभराने साहेब मोठ्या साहेबांना अख्ख्या ऑफिसच्या बचतीचे आकडे दाखवायला बसले, तर कॉम्प्युटर दर क्लिकला थिजायला लागला. चौथ्यांदा पडदा गोठला तेव्हा मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"सगळ्यांचेच कॉम्प्युटर असे रडतात का हो?"

"नाही सर, बाकीचे सुसाट चालतात. तो हुकूम अजून फक्त साहेबांच्याच कॉम्प्युटरवर लागू झालाय."

"महिना झाला ना त्याला? मग बाकीच्यांचं काय?"

 

"हुद्द्याप्रमाणे सुरुवात साहेबांपासून केली, सर. बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लागेल. मी कामात अतिशय संथ आहे, साहेबांनी तसं लेखीच दिलंय."