सकाळची बोटं

"काही नाई झालं हिले. तेवढं कागदावर लिहून द्या, डॉक्टरीनबाई. इथूनच हिले माहेरच्या गाडीत बसवून देतो."

वच्छलाने मान वर केली नाही. सासूने, बायजाबाईने, तिला खाप्याहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं ते लुगड्यांचं गाठोडं बांधूनच. डॉक्टरने 'दुखणं नाही' म्हटलं, की दोन वर्षांचा संसार या टेबलाशीच संपणार होता.

"त्रास काय होतो हिला?" डॉक्टर अरुंधतीबाईंनी विचारलं.

वच्छलाचे ओठ हलले. सासू आधी बोलली.

"त्रास कायचा! सोंग! सकाळी म्हणे मूठ मिटत नाई. लुगड्याची गाठ बसत नाई. सारा मोहल्ला मांडीवर सूप घेऊन विड्या वळाले बसते, अन् हे महाराणी पदरात हात घालून बसते. आंगणात ऊन भरलं का बोटं चालाले लागतात. दुपारी पाहा, मशीन! रातभर झोपून काहून दुखन वं? दुखणं कामानं येते. चाळीस वर्सं विड्या वळल्या मी. माह्ये हात दिवस बुडता दुखतात, उगवता नाई."

डॉक्टर लिहीत होत्या. एकेक टोमणा कागदावर उतरत होता. वच्छलाला वाटलं, ही आपली उलटी पाठवणीच लिहिली जाते आहे.

मग डॉक्टरांनी दोघींचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दाबून पाहिले. सासूच्या बोटांच्या टोकाशी गाठी होत्या, बोरीच्या खोडावर असतात तशा, कडक. सुनेचे मधले सांधे फुगलेले, मऊ, गरम. मनगटंही तशीच. जसा डावा, तसाच उजवा.

"बाई, तुमचे सांधे वापरून झिजलेत. म्हणून ते कामानंतर दुखतात, विसावा मिळाला की निवतात. हिच्या सांध्यांना आतून सूज आहे. ते निजेत आखडतात आणि हात हलते झाले की सैल होतात. दुखणी दोन्ही खरी, जात वेगळी. औषध वेळेत नाही मिळालं तर हिची बोटं वाकडी होतील." डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "रक्त तपासूच. पण मला जे हवं होतं ते सारं तुम्हीच सांगितलंत. इतकं नेमकं तर रोगीसुद्धा सांगत नाही."

वच्छलाने डोळे मिटून घेतले. आता सासूच्या तोंडाचा पट्टा सुटणार.

सुटला नाही. तिने डोळे उघडले. बायजाबाई सुनेच्या फुगलेल्या बोटांकडे पाहत होती. तिच्या आवाजातली धार कुठल्या कुठे गेली होती.

"हे बोल माह्ये एकटीचे नाईत, डॉक्टरीनबाई. मूठ मिटत नाई, ऊन आल्यावर बोटं चालतात... माह्या पोरीची, गोपिकाची, सासू हेच सांगत आल्ती. मी त्या बाईचंच खरं धरलं. पोट्टी दारात उभी राहून मले हात दाखवून राहिली होती. मी त्याच हाताले धरून तिले वापस सासरच्या गाडीत बसवून देल्लं."