तितरांवरचं कुंकू

विकायला काढलेली जुनी दुनळी बंदूक पाहुण्यांनी खिडकीपाशी उजेडात धरली. पोलादावर कोरलेल्या तितरांच्या जोडीवरून अंगठा फिरवला. "काय हात आहे कारागिराचा! पण दौलतराव, पंखांत गंज धरलाय की. घरी नेली की आधी साफ करून घेतो."

"गंज नाही तो, कुंकू आहे," दौलतराव म्हणाले.

खंडेनवमीच्या पूजेत त्यांची बायको वत्सलाबाई संग्रहातल्या प्रत्येक बंदुकीला कुंकू लावायची. "अगं, नक्षीत भरतं ते!" दौलतराव ओरडायचे. "भरू दे. परक्या घरातनं आल्यात, कुंकवाशिवाय आत कशा घ्यायच्या?" मग दसरा उलटला की ते टूथब्रश घेऊन नक्षी साफ करत बसायचे. गेला दसरा झाला आणि वत्सलाबाई अंथरुणाला खिळली, दिवाळीआधी वारली. तोवर एवढी एकच साफ करायची राहिली होती.

"बरं, हिचं मूळ घराणं कुठलं?" पाहुण्यांनी विचारलं. "तुम्हाला तर प्रत्येकीच्या पिढ्या पाठ असतात."

ज्या इनामदारांनी ती विलायतेहून मागवली, त्यांचं नाव दौलतरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी बंदूक परत हातात घेतली.

"आमचं," ते म्हणाले. "ही राहू दे. दुसरी बघा."