मुरुमचे एकमेव मत

धोंडप्पांचे महांतप्पा, महांतप्पांचे शरणबसप्पा आणि शरणबसप्पांचे मल्लिनाथ. मुरुमच्या पेठेत चार पिढ्या भुसाराची अडत चालवणाऱ्या घराण्यातले हे मल्लिनाथ भर दुपारी रुमाल बांधून चावडीकडे निघाले, तेव्हा पेठेतली बोलणी थांबली.

निजामाच्या कायदेमंडळाची ती सेहेचाळीस सालची निवडणूक. मत गावाला नव्हते, धंद्याला होते. वकिलांनी वकील निवडायचा, कुळांनी कूळ, व्यापाऱ्यांनी व्यापारी. पेठेने देवळात बेल उचलून बहिष्काराची शपथ घेतली होती. जो मत देईल त्याच्याशी रोटी-पाणी बंद. मल्लिनाथांचा हात तेवढा मांडीवरच राहिला होता.

मेहुणे रेवणप्पा आडवे आले.

"दाजी, निजामाला मुजरा करायला निघालात व्हय?"

"बिरदेवला मत द्यायला."

"त्या घोंगडीवाल्याला? तहसीलदारानं व्यापाऱ्यांच्या जागेवर उभं केलेलं बुजगावणं त्ये!"

"असेल. प्लेगात आजोबा गेले तेव्हा पेठेतलं एक दार उघडलं नाही. तुमचंही नाही. त्याच्या बापानं आजोबांना पाठीवर बसवून समाधीच्या खड्ड्यापर्यंत नेलं."

लिंगायतांत मृताला बसवूनच नेतात, आणि प्लेगाच्या प्रेताला शिवणे म्हणजे काय, हे रेवणप्पांना सांगावे लागले नाही. तरीही ते बाजूला झाले नाहीत.

"मग अक्काला आजच माहेरी नेतो. बसा एकट्यानं अडतीवर."

"न्या," मल्लिनाथ म्हणाले आणि त्यांना वळसा घालून गेले.

चावडीत कारकून पेंगत होता. बिरदेवने स्वतःचे मतसुद्धा टाकले नव्हते. स्वतःलाच निवडण्याची त्याला लाज वाटली होती.

"निर्धास्त राहा, सावकार," कारकून म्हणाला. "मत गुप्त असतं."

मल्लिनाथांनी पेटी हलवून पाहिली. आत काहीच वाजले नाही.

"एकट्या चिठ्ठीला कसलं गुप्त?" असे म्हणून त्यांनी ती आत सोडली.

बाहेर लिंबाखाली बिरदेव सकाळपासून बसून होता. तो धडपडत उठला.

"मालक, लई वाईट केलंत. माझ्यापायी गाव तोडला."

पेठेतून रेवणप्पांची बैलगाडी निघाली होती. गाडीत मल्लिनाथांच्या पत्नी लक्ष्मम्मा बसल्या होत्या. चावडीसमोरून जातानाही त्यांनी पदर सरळ केला नाही, की मान वळवली नाही.

"माझ्या बापानं कधी काय मागितलं न्हाय तुमच्याकडं," बिरदेव पुटपुटला.

"नाही मागितलं." धूळ खाली बसेपर्यंत मल्लिनाथ रस्त्याकडे पाहत राहिले. "खड्डा बुजवून तो परत आला, तर गावानं त्याला वेशीच्या आत घेतलं नाही. पावसाळाभर माळावर एकटा राहिला. शपथ नसती तर मत कुणीही दिलं असतं, बिरदेव. तेवढं एकटेपण फेडायचं राहिलं होतं. आता फिटलं."